कोपनहेगनचा सूक्ष्मदर्शक आणि आपली सुपारी

तोंड पूर्ण उघडावे आणि आपल्याच हाताची तीन बोटे एकमेकांना जोडून वरच्या व खालच्या दातांच्या मध्ये उभी धरून पाहावीत. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात ती साधारणपणे सहज मावतात. ज्याच्या तोंडात दोनच मावतात, एखाद्याच्या तोंडात तर एकही धड जात नाही, आणि ज्याला आमटीचा पहिला घोटही आग लावून जातो, त्याच्या गालांचे आतले अस्तर कडक होऊ लागलेले असण्याची दाट शक्यता असते. दंतवैद्य या विकाराला ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात. अस्तराखालचा मऊ, लवचिक थर जाऊन तेथे दोरखंडासारखे तंतू तयार होतात आणि तोंड हळूहळू मिटत जाते. गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा यांच्या आहारी गेलेली अशी माणसे आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या पाहण्यात असतील.

हा विकार प्रामुख्याने सुपारी खाणाऱ्या समाजांचा, म्हणजे मोठ्या प्रमाणावर आपला. असे असताना त्याची जगभर उद्धृत होणारी व्याख्या १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या शोधनिबंधातून आली, त्याच्या दोन लेखकांपैकी एक मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट होत्या आणि दुसरे कोपनहेगनचे प्राध्यापक येन्स यॉर्गन पिंडबोर्ग. ज्या देशात सुपारी कोणी चघळत नाही, तेथील एका दंतमहाविद्यालयाचा मुखविकृतिशास्त्र विभाग भारतीयांच्या तोंडाचा अभ्यास करणारे जगातील एक प्रमुख केंद्र कसा झाला, ही हकीकत आपल्याकडे वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही.

आधी या शास्त्राविषयी दोन शब्द. मुखविकृतिशास्त्र म्हणजे ‘ओरल पॅथॉलॉजी’. दात, जबडा, जीभ, गाल, टाळू यांच्या रोगांत पेशींच्या पातळीवर काय बिघडते, हे शोधणारी ही शाखा. शल्यविशारद संशयास्पद भागाचा छोटा तुकडा काढतो. मुखविकृतितज्ज्ञ त्याचे केसाहूनही पातळ काप करून, रंगवून, काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली वाचतो. हा माणूस रुग्णाला बहुधा भेटतच नाही. आपल्याकडच्या दंतमहाविद्यालयांतही या शाखेकडे वळणारे विद्यार्थी थोडेच. दवाखाना चालवायचा तर दात सरळ करणे वा बसवणे अधिक फलदायी, हा व्यवहार सर्वांनाच कळतो. त्यामुळे या शाखेचा इतिहास सांगणे म्हणजे बरेचसे पडद्यामागच्या लोकांचा इतिहास सांगणे होय.

पिंडबोर्ग यांचा जन्म १९२१ चा. १९४३ मध्ये, डेन्मार्क जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, ते दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. युद्धकाळात हिरड्यांचा एक वेदनादायक, कुजणारा विकार तरुण सैनिकांमध्ये सर्रास दिसे. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांना तो होत असल्याने इंग्रजीत त्याला ‘खंदकातले तोंड’ अशा अर्थाचे नावच पडले होते. पिंडबोर्ग यांनी या विकाराचा आणि तंबाखूचा संबंध आकडेवारीने तपासला आणि तो निबंध १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे ब्रिटन-अमेरिकेतील गाजलेले अभ्यास १९५० चे, हे ध्यानात घेतले म्हणजे पंचविशीतल्या या दंतवैद्याची दिशा किती आधी ठरली होती ते कळते. केवळ काचपट्टी वाचून न थांबता माणसे मोजायची, ही सवयही तेव्हापासूनची.

१९५९ मध्ये ते कोपनहेगनच्या रॉयल डेंटल कॉलेजमध्ये मुखविकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. तोवर जबड्याच्या एका दुर्मीळ गाठीचे त्यांनी केलेले वर्णन गाजले होते. ती गाठ आजही ‘पिंडबोर्ग ट्यूमर’ म्हणूनच शिकवली जाते. पण विभागाची खरी ओळख घडली ती एका साध्या वाटणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यावरून. तोंडात, बहुधा गालाच्या आतल्या बाजूस, दिसणारा आणि पुसून न जाणारा हा चट्टा म्हणजे ल्युकोप्लाकिया. त्यातून कधी कधी कर्करोग उद्भवतो हे जुन्या डॉक्टरांनाही माहीत होते. परंतु शंभर चट्ट्यांपैकी किती बिघडतात, कोणते बिघडतात आणि किती वर्षांनी, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. कारण ‘ल्युकोप्लाकिया’ या शब्दाचा अर्थच प्रत्येक दवाखान्यात निराळा होता. कोणी कोणत्याही पांढऱ्या डागाला हे नाव देई, कोणी सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट बदल दिसले तरच.

कोपनहेगनच्या विभागाने हे काम चिकाटीने हाती घेतले. रुग्णांना वर्षानुवर्षे परत बोलवायचे, छायाचित्रे काढायची, तुकडे तपासायचे. १९६८ मध्ये त्यांनी अशा २४८ रुग्णांच्या पाठपुराव्याचा अहवाल दिला. एकसारख्या पांढऱ्या चट्ट्यापेक्षा लालसर पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके असलेला चट्टा अधिक धोक्याचा, हा आज प्रत्येक दंतवैद्याला पाठ असलेला नियम याच मालिकेतून पक्का झाला. तरी डेन्मार्क हा छोटा देश. तेथे तोंडाचा कर्करोग कमी आणि रुग्ण मोजके. प्रश्नाचे खरे उत्तर जेथे रोग मुबलक होता तेथेच मिळणार होते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. परदेशी तज्ज्ञ आला आणि त्याने आपला रोग आपल्याला दाखवून दिला, असे घडलेले नाही. मूळचे गोव्याचे, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ मध्येच अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव १९५३ मध्ये दिले तेही मुंबईच्याच डॉ. एस. जी. जोशी यांनी. त्याच्या आदल्या वर्षी श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार नोंदवून त्याला एक लांबलचक लॅटिन नाव दिले होते. ते मागे पडले आणि जोशींचे टिकले. आणि डॉ. फली मेहता यांनी तर मुंबईच्या ४,७३४ पोलिसांची तोंडे तपासून त्यांतील पांढऱ्या चट्ट्यांचा आणि तंबाखूच्या सवयींचा ताळा १९६१ मध्ये मांडला होता. पुढे दहा वर्षांनी याच पोलीस दलातील पाठपुराव्याचाही अभ्यास झाला. हवालदारांना रांगेत उभे करून ‘आ करा’ म्हणणारा हा पारशी दंतवैद्य म्हणजे भारतातील मुखकर्करोगाच्या लोकसंख्याधिष्ठित अभ्यासाचा एक आद्य प्रवर्तकच म्हणायला हवा.

पिंडबोर्ग १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात भारतात आले ते लखनौला. तेथील दंतविभागात येणाऱ्या दहा हजार लोकांची तपासणी त्यांनी स्थानिक सहकाऱ्यांसह केली आणि १९६५ पासून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. मुंबई आणि बंगळूर येथेही दहा-दहा हजारांच्या अशा तपासण्या झाल्या. मात्र या पद्धतीत एक उघड त्रुटी होती. दंतरुग्णालयात येतो तो आधीच काही दुखणे असलेला, शहरातला किंवा शहराजवळचा माणूस. त्याच्यावरून देशाचे अनुमान कसे काढणार?

त्यासाठी गावात जाऊन प्रत्येक घराचे दार ठोठावणे भाग होते. ही जबाबदारी घेणारी संस्था मात्र कोणाच्या डोळ्यांपुढे चटकन येणार नाही: कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था. अणुविज्ञान आणि गणित यांसाठी नावाजलेल्या या संस्थेत मेहता यांचा दंतसंशोधन विभाग होता. संस्थेत संख्याशास्त्राची परंपरा असल्याने प्रकाश गुप्ता यांच्यासारखा संख्याशास्त्रज्ञही या कामाला मिळाला. दिनेश दफ्तरी, मूर्ती, भोसले ही नावे पुढच्या तीस वर्षांतील निबंधांवर पुनःपुन्हा दिसतात. त्यांच्याबरोबर बहुतेक ठिकाणी पिंडबोर्ग यांचेही.

पाच जिल्हे निवडले गेले: केरळातील एर्नाकुलम, आंध्रातील श्रीकाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि तेव्हाच्या बिहारमधील सिंहभूम व दरभंगा. प्रत्येक ठिकाणची तंबाखूची तऱ्हा निराळी, म्हणूनच ही निवड. दंतवैद्यांच्या तुकड्या गावोगाव गेल्या. आधी सवयी विचारायच्या, मग तोंड तपासायचे, नोंद करायची, गरज वाटली तर तुकडा घ्यायचा. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ५०,९१५ ग्रामस्थांची नोंद आहे. पुढे पुणे जिल्ह्यात असेच काम झाले आणि १९७२ च्या निबंधात १,०१,७६१ लोकांची तपासणी नमूद झाली. ज्या काळात खेड्यात दंतवैद्य म्हणजे जत्रेत दात उपटणारा, त्या काळात लाखभर लोकांनी अनोळखी माणसापुढे तोंड उघडले, ही गोष्ट आकड्यापेक्षाही मोठी आहे.

श्रीकाकुलमचे प्रकरण तर कोणालाही चक्रावून टाकणारे होते. तेथे चुट्टा नावाची जाड विडी जळते टोक तोंडात ठेवून ओढण्याची रीत होती, आणि ती स्त्रियांमध्ये विशेष रुजलेली होती. १०,१६९ ग्रामस्थांच्या तपासणीवरचा निबंध १९७१ मध्ये आला. आपल्याकडे तंबाखूची गोळी गालात वा खालच्या ओठात धरतात, म्हणून कर्करोगही बहुधा तेथेच होतो. श्रीकाकुलममध्ये तो टाळूवर आढळे, जेथे एरवी तो विरळाच. व्रण कोठे उठतो हे सवयीवरून ठरते, याचा याहून ढळढळीत पुरावा प्रयोगशाळेत निर्माण करता आला नसता.

काम एका तपासणीवर थांबले नाही. एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम येथील लोकांना दहा वर्षे पुन्हा पुन्हा तपासण्यात आले. १९८० मध्ये आलेल्या या प्रदीर्घ अहवालाचा गाभा असा, की तोंडाचा कर्करोग सहसा अचानक येत नाही. नवे रुग्ण तंबाखूचे सेवन करणाऱ्यांतूनच निघाले आणि त्यांच्यातील बहुतेकांच्या तोंडात आधी काही ना काही पूर्वखूण होती. रोग वर्दी देऊन येतो. ती वाचणारे कोणी हवे. मग पुढचा प्रश्न साहजिकच होता: तंबाखू सुटली तर ही खूण मावळते का? ३६ हजार तंबाखूसेवकांवर केलेल्या प्रबोधनाच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी तंबाखू सोडली किंवा बरीच कमी केली, त्यांच्यात नवे पांढरे चट्टे उद्भवण्याचे प्रमाण ठळकपणे घटले होते.

दरम्यान कोपनहेगनच्या विभागाला १९६७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुखातील कर्कपूर्व विकारांचे आंतरराष्ट्रीय संदर्भकेंद्र म्हणून मान्यता दिली होती. संदर्भकेंद्राचे काम म्हणजे मुख्यतः शब्दांना शिस्त लावणे. एर्नाकुलमच्या दंतवैद्याने लिहिलेला ‘ल्युकोप्लाकिया’ आणि स्टॉकहोमच्या दंतवैद्याने लिहिलेला ‘ल्युकोप्लाकिया’ एकच नसेल, तर पन्नास हजार तोंडे मोजून उपयोग काय? १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्येने हा घोळ बराच मिटवला. ज्या पांढऱ्या चट्ट्याला दुसऱ्या कोणत्याही रोगाचे नाव देता येत नाही तो ल्युकोप्लाकिया, अशी ती व्याख्या नकारात्मक आहे. तर्कशास्त्राचा प्राध्यापक तिला हसेल, पण खेड्यातल्या ओसरीवर बॅटरीच्या उजेडात ती वापरता येते.

पिंडबोर्ग यांचा व्यासंगही विलक्षण होता. मुखरोगांचा त्यांचा सचित्र कोश अनेक भाषांत गेला. चित्रकलेत दंतवैद्य कसा दिसतो यावरही त्यांनी १९६० मध्ये सहलेखकाबरोबर एक देखणा ग्रंथ काढला. एड्सची साथ आल्यावर तिच्या तोंडातील लक्षणांचे वर्गीकरण करणाऱ्यांतही ते होते. त्यांच्याच विभागात एरिक डाबेलस्टेन यांनी पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करारेणूंचा अभ्यास उभा केला. आज कोपनहेगन त्या विषयासाठीही ओळखले जाते. १९९२ मध्ये रॉयल डेंटल कॉलेज कोपनहेगन विद्यापीठात विलीन झाले, आणि १९९५ मध्ये पिंडबोर्ग निवर्तले. मुखकर्करोगविषयक जागतिक केंद्राचे काम पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात, श्रीलंकेचे डॉ. सामन वर्णकुलसूर्य यांच्या नेतृत्वाखाली चालले.

आता पुन्हा त्या कडक होणाऱ्या गालांकडे. त्याचे कारण काय, यावर बराच काळ एकमत नव्हते आणि पहिला संशय आला तो आपल्या मिरचीवर. १९६० मध्ये सिरसाट आणि खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतील तिखट द्रव्य, कॅप्सायसिन, लावून पाहिले आणि काहीसे मिळतेजुळते बदल नोंदवले. तर्क चुकीचा नव्हता, कारण रुग्णाची पहिली तक्रारच तिखट सोसत नाही ही असते. पण तिखट तर मेक्सिकोतही खातात आणि तेथे हा रोग नाही. लोकसंख्येच्या अभ्यासांनी हळूहळू बोट सुपारीकडे वळवले. १९९० मध्ये भावनगरमधील रुग्ण आणि निरोगी लोक यांच्या तुलनेने ते जवळपास निश्चित केले. सुपारीतील अरेकोलिन तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना चेतवते, तिच्यातील टॅनिनमुळे तंतू सहज विरघळेनासे होतात, आणि तिच्यातील तांब्यामुळे तंतूंना परस्परांशी घट्ट बांधणाऱ्या विकराला जोर चढतो, अशी तिहेरी यंत्रणा आज मानली जाते. एकदा बांधलेले तंतू सुपारी सोडल्यावरही पूर्ववत सैल होत नाहीत. पांढरा चट्टा मात्र तंबाखू सोडल्यावर मावळू शकतो. हा फरक रुग्णांना सांगितला जायला हवा. १९८५ च्या एका निबंधात या विकाराच्या ६६ रुग्णांचा १७ वर्षांचा पाठपुरावा आहे. त्यांपैकी पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, कर्करोग झाला.

मधल्या काळात बाजारात पुड्या आल्या होत्या. पानाच्या विड्यात सुपारी चुन्याकाताच्या सोबतीने, जेवणानंतर, काहीशी रीतीभातीने खाल्ली जात असे. पानमसाला आणि गुटखा यांनी ती पान काढून टाकून, दिवसाच्या कोणत्याही प्रहरी, शाळकरी मुलाच्या खिशाला परवडेल अशा किमतीत उपलब्ध केली. तोंड न उघडणारे तरुण दंतवैद्यांकडे येऊ लागले. ही खरोखरच नवी साथ आहे, की जुनाच रोग आता अधिक नजरेस पडतो आहे? असा प्रश्न उठला की बहुधा वाद होतो, कारण तुलनेला जुना आकडा नसतो. येथे तो होता. भावनगरच्या खेड्यांत १९६० च्या दशकात घरोघरी जाऊन मोजणी झालेली होती. त्याच जिल्ह्यात गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुन्हा मोजले, आणि एकेकाळी हजारांत एखाद-दोघांत आढळणारा हा विकार आता कितीतरी पटींनी, विशेषतः तरुण पुरुषांत, वाढल्याचे १९९८ मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी नागपूरच्या हजारे, गोयल आणि गुप्ता यांच्या निबंधानेही सुपारी व पानमसाल्याशी या रोगाचा संबंध मांडला. तीस वर्षांपूर्वीच्या त्या नीरस नोंदवह्या नसत्या तर ‘नवी साथ’ हे शब्द उच्चारायला कोणाला आधार सापडला नसता.

पुढचा घटनाक्रम बराचसा परिचित आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा तो ग्रंथ प्रसिद्ध झाला, ज्यात तंबाखूविना नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडवते असा निर्वाळा आहे. २०१२ मध्ये राज्याने अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली पुन्हा बंदी आणली. टपरीवर मिळणाऱ्या मालाविषयी वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. सुपारी वेगळी, तंबाखू वेगळी अशा दोन पुड्या घेऊन हातावर एकत्र करण्याची युक्ती विक्रेत्यांनी फार आधी शोधली.

तोंडाची तपासणी करायला दरवेळी तज्ज्ञच लागतो असे नाही, हेही याच मंडळींनी दाखवले होते. एर्नाकुलममध्ये प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी वर्षभरात सुमारे ३९ हजार लोकांची तोंडे पाहिली आणि त्यांना संशयास्पद खुणा ओळखता आल्या, असा निबंध १९८६ चा आहे. श्रीलंकेतही पिंडबोर्ग यांच्या सहभागाने असाच प्रयोग झाला होता. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील मोठ्या चाचणीने २००५ मध्ये पुढचा टप्पा गाठला: तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमध्ये केवळ डोळ्यांनी केलेल्या तपासणीमुळे मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्यानंतर २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची दर पाच वर्षांनी तोंडाची तपासणी व्हावी अशी मार्गदर्शिका काढली.

भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आज तोंडाचाच आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात स्त्री-पुरुष मिळून वर्षाला १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण असतात. आणि २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपले तोंड कर्करोगासाठी कधी ना कधी तपासले गेले आहे असे सांगणाऱ्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांचे प्रमाण ०.९ टक्के निघाले, पुरुषांचे १.२ टक्के.